दाट रानातले हरीण आणि त्यासाठी लागणारी रायफल

अमेरिकेच्या ईशान्य भागात, म्हणजे पेनसिल्व्हेनिया, न्यू यॉर्क राज्याचा उत्तर भाग, व्हरमाँट आणि मेन इथल्या रानांत, पांढऱ्या शेपटीचे हरीण बहुधा पन्नास मीटरांच्या आत दिसते, आणि दिसते तेही सबंध दिसत नाही. हेमलॉक, बीच आणि मेपलच्या खोडांमागे, माउंटन लॉरेलच्या कमरेइतक्या जाळीत, आधी एक कान हलतो. मग एक आडवी रेघ दिसते. रानात बाकी सगळे उभे असताना एवढेच आडवे का, असा प्रश्न शिकाऱ्याला पडावा लागतो. पडला की ती रेघ म्हणजे पाठ आहे हे उमगते. तोवर हरणाने शिकाऱ्याला केव्हाच ओळखलेले असते. शेपटी उभारून, तिची पांढरी बाजू दाखवून ते नाहीसे होते. हा सगळा व्यवहार तीन-चार सेकंदांचा. तेवढ्या वेळात उपयोगी पडेल अशी रायफल निवडणे हे शास्त्र आहे असे निवडणारे मानतात.

शास्त्र म्हणून ते दोन परिच्छेदांत संपावे. वाढलेल्या नराचे वजन साधारण सत्तर ते शंभर किलो. कातडी पातळ. हृदय आणि फुप्फुसे मिळून नेम धरण्याची जागा पुढच्या पायाच्या मागे, २० ते २५ सेंटिमीटर रुंदीची. पन्नास मीटरांवरून तिथे पोचणारी मध्यम ताकदीची कुठलीही गोळी पुरते. रायफल आखूड हवी, कारण लांब नळी फांद्यांत अडकते. २० इंची नळी बेताची. हलकी हवी, कारण दिवसभर हातात असते. तीन किलोंच्या आसपास. खांद्याला लागताक्षणी नेम डोळ्यांसमोर आला पाहिजे आणि दुसरे काडतूस चटकन नळीत चढले पाहिजे. झाले. या कसोट्यांना उतरणाऱ्या रायफली १८९४ पासून बाजारात आहेत, आणि तेव्हापासून हरणाच्या बाजूने काहीही सुधारणा झालेली नाही.

पण पेनसिल्व्हेनियात रायफलीचा मुख्य हंगाम जेमतेम दोन आठवड्यांचा असतो. उरलेले पन्नास आठवडे शिकाऱ्याने करायचे काय? रायफलीने हरीण मारता येत नाही, पण कशाने मारावे याबद्दल बोलता येते, आणि त्याला परवाना लागत नाही. त्यामुळे दोन परिच्छेदांच्या विषयावर आजवर कित्येक कपाटे भरतील एवढी मासिके निघाली.

या वादाचे आद्यपीठ म्हणजे विंचेस्टरची मॉडेल १८९४. जॉन मोझेस ब्राउनिंग यांनी तिचा आराखडा केला आणि कनेटिकटमधल्या न्यू हेवन गावात ती तयार होऊ लागली. चापाभोवतीची लोखंडी कडी खाली ढकलून वर ओढली की रिकामे काडतूस बाहेर पडते, नवे आत जाते आणि घोडा चढतो. खांद्यावरून रायफल काढावी लागत नाही. १८९५ मध्ये तिच्यासाठी थर्टी-थर्टी नावाचे काडतूस आले: गोळीचा व्यास इंचाच्या तीस शतांश आणि आत धूर न करणारी दारू तीस ग्रेन. १७० ग्रेनची, म्हणजे ११ ग्रॅमची बोथट गोळी सेकंदाला साधारण ६७० मीटर वेगाने निघते. आजच्या काडतुसांपुढे हा वेग कंटाळवाणा समजला जातो. चाळीस मीटरांवर उभ्या असलेल्या हरणाला तो कंटाळवाणा वाटल्याची नोंद मात्र नाही.

अशा सत्तर लाखांहून अधिक रायफली बनल्या. दहा लाखावी १९२७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कॅल्विन कूलिज यांना भेट मिळाली. कूलिज मूळचे व्हरमाँटचे आणि अबोलपणाबद्दल प्रसिद्ध. हरणाच्या रायफलीविषयी मत न मांडलेले ते बहुधा एकमेव व्हरमाँटवासी असावेत. बाकीच्यांची मते १९६४ या सालाभोवती फिरतात. त्या वर्षी कंपनीने खर्च वाचवण्यासाठी बनावटीत बदल केले. घडीव पोलादाच्या जागी काही भाग ठोकलेल्या पत्र्याचे आले. मराठी साहित्यात जसे साठोत्तरी, तसे तिकडे चौसष्टोत्तरी असते, फरक एवढाच की तिकडे उत्तर काळाचे कौतुक नाही. चौसष्टपूर्व रायफलीला जुन्या बाजारात चढा भाव येतो. विकणारा ती देताना अनुक्रमांकावर बोट ठेवतो, घेणारा खिशातून भिंग काढतो, आणि दोघेही नळीकडे शेवटी बघतात.

पुष्कळ शिकारी मात्र ही रायफल विकत घेतच नाहीत. आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून मुलाकडे ती घराण्याच्या पाटल्यांप्रमाणे उतरते, आणि पाटल्यांप्रमाणेच ती खरे म्हणजे कुणाकडे जायला हवी होती, याबद्दल कुटुंबाच्या दुसऱ्या शाखेचे मत वेगळे असते. निवडीच्या शास्त्रात या मुद्द्याला फारशी जागा नाही. प्रत्यक्षात दाट रानातल्या कितीतरी रायफली अशाच निवडल्या गेल्या: मृत्युपत्राने.

विंचेस्टरची प्रतिस्पर्धी मार्लिन. तिचे मॉडेल ३३६ हे १९४८ मध्ये निघाले आणि तेही न्यू हेवनमध्येच. एकाच गावातल्या दोन कारखान्यांनी अर्ध्या देशाला भांडायला कारण पुरवले, आणि त्याच गावातले येल विद्यापीठ मध्ये पडले नाही. भांडणाचा मुद्दा असा की जुनी विंचेस्टर रिकामे काडतूस वरच्या बाजूने फेकते आणि मार्लिन उजव्या कुशीतून. वरून फेकल्यामुळे विंचेस्टरच्या माथ्यावर दुर्बीण नीट बसत नाही. बसवली तर काडतूस तिच्यावर आपटते. मार्लिनचा माथा सपाट आणि बंद, त्यामुळे दुर्बीण सुखाने बसते. विंचेस्टरवाले यावर म्हणतात की दाट रानात दुर्बीण हवीच कुणाला. मार्लिनवाले म्हणतात, वय वाढू द्या. १९८० च्या दशकात विंचेस्टरनेही काडतूस तिरके बाहेर फेकण्याची सोय केली आणि वाद मिटण्याची वेळ आली होती. पण तोवर तो फार जणांच्या अंगवळणी पडलेला होता.

आता झुडूपभेदी गोळीकडे वळले पाहिजे, कारण या विषयातला सगळ्यात दीर्घायुषी सिद्धांत तिचाच आहे. तो असा: जड, बोथट आणि संथ गोळी डहाळ्या बाजूला सारत सरळ जाते, हलकी, टोकदार आणि वेगवान गोळी काडी लागली की भरकटते. म्हणून दाट रानात जाड गोळीची रायफल घ्यावी. अशा रायफलीला तिकडे 'ब्रश गन' म्हणतात. सिद्धांत तपासायला सोपा असल्यामुळे तो पुष्कळांनी तपासला. लाकडी दांड्यांच्या रांगा रोवायच्या, मागे कागद लावायचा आणि निरनिराळ्या गोळ्या झाडून कागदावर भोके कुठे पडतात ते मोजायचे. निकाल दर वेळी थोड्याफार फरकाने तोच. सगळ्याच गोळ्या भरकटतात. जड आणि लांब गोळी किंचित कमी भरकटते, पण तिच्यावरही विसंबण्यात अर्थ नाही.

यामागची भूमिती शाळेतली आहे. काडी लागून गोळी एक अंशाने वळली असे धरू. काडी हरणापासून एक मीटर अलीकडे असेल, तर हरणापाशी गोळी पावणेदोन सेंटिमीटर सरकते. कुणाला कळतही नाही. काडी नळीच्या तोंडाशी असेल आणि हरीण चाळीस मीटरांवर, तर त्याच एका अंशाचे सत्तर सेंटिमीटर होतात आणि गोळी शेजारच्या बीचमध्ये जाते. म्हणजे गोळी किती जाड यापेक्षा काडी कुठे आहे हे महत्त्वाचे. आणि नळीजवळची काडी दुर्बिणीतून नेमकी दिसत नाही. नजर दूर लागलेली असते, जवळचे सगळे विरघळून जाते. उपाय एकच, फांद्यांमधली मोकळी फट सापडेपर्यंत थांबायचे. हा उपाय फुकट असल्यामुळे त्याची जाहिरात कुणी करत नाही.

सिद्धांत खोटा ठरला तरी त्याची प्रकृती उत्तम आहे, कारण काडीवाचून शिकाऱ्याचे चालत नाही. चाळीस मीटरांवरचे हरीण चुकले हे संध्याकाळी शेकोटीपाशी सांगणे अवघड. काडी लागली, हे सांगणे सोपे. काडी पुन्हा कुणाला सापडत नाही, साक्षीला येत नाही आणि उलटतपासणीत टिकते. ऐकणाऱ्यांपैकी प्रत्येकाने पूर्वी कधी ना कधी काडीचा आधार घेतलेला असतो, त्यामुळे तिच्या अस्तित्वावर शंका घेणे सभ्यतेला धरून मानले जात नाही. ज्याने मुद्दाम झुडूपभेदी रायफल घेतली आहे त्याची तेवढी पंचाईत होते. त्याच्या गोळीला काडी लागून चालत नाही. त्याच्या वेळी फांदी असते.

सिद्धांतावर ज्यांची श्रद्धा फारच दृढ, ते फॉर्टी-फाइव्ह-सेव्हंटी घेतात. हे काडतूस अमेरिकी लष्कराने १८७३ मध्ये स्वीकारले. त्याची मूळ लष्करी गोळी ४०५ ग्रेनची, म्हणजे २६ ग्रॅमची. अलास्कात वाटाडे आजही अशा रायफली अस्वलांच्या धास्तीने जवळ ठेवतात. हरणावर वापरल्यास हरीण पडते यात शंका नाही. प्रश्न खांद्याचा असतो. सरावाच्या दिवशी चार-सहा बार काढले की शरीराला धक्क्याची आठवण राहते, आणि पुढच्या वेळी चाप ओढण्याच्या आधीच डोळे मिटतात. मिटल्या डोळ्यांनी मोठी गोळी छोट्या गोळीइतकीच चुकते. उलट १९५५ च्या टू-फॉर्टी-थ्री काडतुसाच्या रायफलीचा धक्का सौम्य असतो, म्हणून ती पोराटोरांच्या हाती देतात. पोरे तिने नीट नेम धरतात आणि मोठी माणसे त्याला नवशिक्याचे नशीब म्हणतात.

जड की वेगवान, हा वाद मासिकांनी मन लावून पोसला. एल्मर कीथ (१८९९–१९८४) जाड, जड गोळ्यांचे कैवारी. 'आउटडोअर लाइफ' मासिकाचे जॅक ओकॉनर १९२५ च्या टू-सेव्हंटी या वेगवान काडतुसाचे. दोघांचे एकमेकांविषयीचे मत छापण्याजोगे असे तेव्हा छापले जाई. पूर्वेकडच्या वाचकांनी या वादात हिरिरीने बाजू घेतल्या. दोघेही आयडाहोत राहत, जिथे एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावरचा प्राणी दिसतो, आणि लॉरेलच्या जाळीत पंधरा पावलांपुढे काही दिसत नाही, हा फरक कुणाला आडवा आला नाही.

गोळी बोथट असण्याचे खरे कारण झुडूप नव्हेच. विंचेस्टर आणि मार्लिन यांची काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक, आडवी झोपलेली असतात. मागच्याची गोळी पुढच्याच्या बुडाला टेकलेली, आणि बुडाशी पेट घेणारी टोपी. टोकदार गोळी भरली आणि धक्का बसला तर मागची पुढचीला आतल्या आत पेटवण्याचा धोका. म्हणून चपटे नाक. पुढे हॉर्नडी कंपनीने मऊ रबरी टोकाच्या गोळ्या काढून ही अडचण सोडवली. त्या फार लांबवर सपाट जातात, म्हणजे ज्या रायफली घेऊन माणसे चाळीस मीटरांवर हरीण मारतात, त्यांना आता दोनशे मीटरांची सोय झाली.

सॅव्हेजच्या १८९९ च्या रायफलीने ही अडचण मुळातच टाळली होती. तिची काडतुसे आत फिरत्या चक्रावर बसत, त्यामुळे टोकदार गोळी चाले. तिच्या जुन्या नमुन्यांना डाव्या कुशीला एक छोटी खिडकी असे आणि तिच्यात किती काडतुसे उरली ते आकड्यांत दिसे. ही खिडकी फार कौतुकाची. हरीण पळून गेल्यावर शिकारी तिच्यात बघतो आणि त्याला नेमका हिशेब कळतो.

पेनसिल्व्हेनियाची स्वतःची आवड निराळी आहे. त्या राज्यात मोठ्या शिकारीला अर्धस्वयंचलित रायफल चालत नाही. प्रत्येक काडतूस हाताने चढवले पाहिजे. कायद्याचा हेतू बार कमी व्हावेत हा. त्यावर रेमिंग्टनने १९५२ मध्ये ७६० नावाची पंपाची रायफल काढली. पुढचा हात मागे-पुढे सरकवला की नवे काडतूस हजर, आणि सवय झालेला माणूस हे इतक्या झपाट्याने करतो की तिला 'अमिश मशीनगन' हे टोपणनाव पडले. अमिश हा तिथला मोटारी न बाळगणारा, घोडागाडीतून जाणारा पंथ. हाताने चालणारे, विजेचा संबंध नसलेले आणि तरीही गडगडाट करणारे यंत्र, एवढा अर्थ त्यात आहे. व्हरमाँटचे विख्यात शिकारी लॅरी बेनॉइट हीच रायफल आखूड नळीची, थर्टी-ऑट-सिक्स काडतुसाची वापरत. ताज्या बर्फातला एका नराचा खुराचा माग पहाटे धरायचा आणि दिवसभर, मैलोगणती, तोच सोडायचा नाही, ही त्यांची पद्धत. त्यांचे नाव गाजल्यावर कित्येकांनी ७६० विकत घेतली. मैलोगणती चालण्याची बाब विक्रीत समाविष्ट नव्हती.

राहिली बोल्टची, म्हणजे हाताने दांडा मागे-पुढे करून काडतूस चढवण्याची रायफल, जी आज दुकानात सगळ्यात जास्त दिसते. ती नेमाची पक्की, साधी आणि बऱ्याचदा स्वस्त. थ्री-ओ-एट काडतुसात आणि आखूड नळीत घेतली तर दाट रानात तिचे काही बिघडत नाही. बिघडते ते वर बसवलेल्या दुर्बिणीने. विकत घेताना मोठा आकडा नेहमीच चांगला वाटतो. नऊपट मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणीतून पंचवीस मीटरांवर जेमतेम एक मीटर रुंदीचे रान दिसते, म्हणजे अर्धेच हरीण मावते, आणि कोणते अर्धे हे आधी सांगता येत नाही. चोवीसपट असेल तर दीडएक वीत तपकिरी केस दिसतात. ते हरणाचे की वाळक्या नेच्यांचे की सालपटाचे, हे ठरवेपर्यंत प्रश्न निकालात निघालेला असतो. तपकिरी केस निघून जातात आणि चोवीसपट मोठे झालेले रिकामे रान उरते. दीडपटीची दुर्बीण त्याच अंतरावर पाचेक मीटर रान दाखवते. हरीण त्यात आल्या-गेल्याचे समजते. शहाणी माणसे एक ते चारपटीची घेतात आणि ती एकावरच ठेवतात, पण 'एकपट' असे लिहिलेली वस्तू एवढ्या किमतीला घेतली हे घरी समजावून सांगणे कठीण जाते.

दुर्बिणीशिवाय नेम धरणाऱ्यांची वेगळी कथा आहे. उघड्या नेमात तीन गोष्टी एका रेषेत आणाव्या लागतात: मागची खाच, नळीच्या टोकावरची माशी आणि हरीण. तरुण डोळा तिन्ही सांभाळतो. चाळिशी लागली की खाच आधी पुसट होते, मग माशी. चष्म्याच्या वरच्या भागातून हरीण स्पष्ट, खालच्या भागातून माशी स्पष्ट; मान वरखाली करत राहिले तर दोन्ही आळीपाळीने दिसतात. यावरचा जुना आणि स्वस्त उपाय म्हणजे मागे डोळ्याजवळ बसवलेली भोकाची चकती. भोकातून नुसते बघायचे, माशी हरणावर ठेवायची. भोकाचा मध्य डोळा आपोआप शोधतो. आता लाल ठिपक्याची काच निघाली आहे, तीही छान चालते. बॅटरी संपेपर्यंत.

एवढा ऊहापोह करून एखादी निवड पक्की झाली की कायद्याचे पुस्तक उघडावे. खरे तर आधी उघडायला हवे, पण तसे कुणी करत नाही. ओहायो, इंडियाना आणि आयोवा ही सपाट, शेतावाडीची राज्ये. तिथे लांब जाणाऱ्या गोळ्यांची धास्ती, म्हणून हरणासाठी बराच काळ छर्ऱ्याच्या बंदुकीतून एकच जाड गोळी झाडण्याचा नियम होता. पुढे सरळ भिंतीच्या, म्हणजे तोंडाशी न निमुळत्या होणाऱ्या काडतुसांना मुभा मिळाली. २०१९ मध्ये विंचेस्टरने थ्री-फिफ्टी लेजंड हे सरळ भिंतीचे काडतूस बाजारात आणले. हरणाचा अभ्यास करून काडतुसे काढण्याचा काळ गेला; हे कायद्याच्या कलमाचा अभ्यास करून काढलेले आहे आणि कलमात ते चपखल बसते. न्यू जर्सीत हरणावर आधुनिक रायफल चालतच नाही. तिथल्या मराठी घरांच्या परसात टोमॅटोची रोपे फस्त करणाऱ्या हरणांना या तरतुदीची कल्पना असावी असे त्यांच्या चालण्यावरून वाटते. टेक्सासमध्ये उलट तऱ्हा. तिथे आपले चितळ १९३० च्या दशकात नेऊन सोडले, ते बेसुमार वाढले, आणि परके म्हणून त्याला बंद हंगामच नाही. ताडोब्यात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच असलेला प्राणी तिकडे बारमाही उघडा आहे.

दुकानात रायफल पारखण्याची एक खरी उपयोगी रीत आहे. डोळे मिटून ती खांद्याला लावायची आणि मग डोळे उघडायचे. नेम आपसूक समोर आला तर रायफल अंगाची. मान वाकवून शोधावा लागला तर दुसऱ्या कुणाची. गिऱ्हाईक हा प्रयोग ऑगस्टमध्ये, पातळ सदऱ्यावर करतो आणि भिंतीवरच्या पेंढा भरलेल्या मूसच्या डोक्यावर नेम धरतो. मूस हलत नाही, त्यामुळे समाधान होते. नोव्हेंबरच्या अखेरीस त्याच गिऱ्हाइकाच्या अंगात गंजीफ्रॉक, स्वेटर आणि वर लाल-काळ्या चौकड्यांचा जाड लोकरी कोट असतो, ज्याला तिकडे पेनसिल्व्हेनियाचा टक्सिडो म्हणतात. आता दस्ता खांद्यापर्यंत पोचत नाही, काखेत कोटाला अडकतो. मोजून दोन-अडीच सेंटिमीटरांचा फरक, पण तीन सेकंदांतला एक सेकंद तो खातो. म्हणून दुकानात कोट घालून जावे. ऑगस्टमध्ये लोकरी कोट घालून बंदुकीच्या दुकानात शिरणाऱ्याकडे लोक बघतात, ते सोसावे.

कोटावर नारिंगी रंग चढवणेही सक्तीचे. पेनसिल्व्हेनियात रायफलीच्या हंगामात डोके, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच भडक नारिंगी दिसावा लागतो, तो इतर शिकाऱ्यांसाठी. हरणाला नारिंगी वेगळा उठून दिसत नाही. निळा मात्र चांगला दिसतो. त्यामुळे नारिंगी टोपीबद्दल हळहळणारा आणि खाली निळी जीन्स घातलेला शिकारी हरणाला कमरेखालून दिसतो.

किमतीविषयी एक समाधान आहे. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली आणि काडतुसांवर ११ टक्के अबकारी कर बसतो आणि तो पैसा वन्यजीव संवर्धनाला जातो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या देशात हरणे पाचेक लाखांवर आली होती. आज अंदाजे तीन कोटी आहेत. त्याची कारणे अनेक, पण हा पैसाही त्यातलाच. म्हणजे रायफलीवर वाद घालणारा, नवी घेणारा, काडतुसे उडवणारा आणि काहीही न मारता घरी येणारा शिकारी हा हरणांचा सगळ्यात भरवशाचा आश्रयदाता ठरतो.

रायफल घरी आल्यावर तिच्या खटक्याची ओळख करून घेणे अत्यावश्यक. १९८० आणि १९९० च्या दशकांत मार्लिन आणि विंचेस्टरने घोड्याजवळ आडवा दाबाचा खटका बसवला. तो लावलेला असताना चाप ओढला तर घोडा पडतो, पण टोपीपर्यंत पोचत नाही. 'टिक्' असा स्वच्छ आवाज होतो. हरीण मान वर करते. शिकारी कडी खाली-वर करतो, चांगले काडतूस पालापाचोळ्यात पडते. पुन्हा चाप, पुन्हा 'टिक्'. जुने लोक या खटक्याला वकिली खटका म्हणतात आणि तो काढून टाकण्याच्या गोष्टी करतात. तो काढू नये. भरलेली रायफल घेऊन ओल्या ओंडक्यांवरून चालणाऱ्यासाठी तो आहे. अंगठ्याला त्याची सवय लावावी, रिकाम्या रायफलीवर, घरात.

खटका सुटलेला असला तरी दुसरे संकट उरतेच. 'बक फीव्हर' हा ताप पहिल्यांदा शिंगे दिसली की चढतो. तोंड कोरडे पडते, नळीचे टोक गोल फिरू लागते, श्वासाचा आवाज स्वतःलाच ऐकू येतो. कडीच्या रायफलीतला त्याचा अभिजात प्रकार असा: शिकारी कडी भराभर चालवतो, एकामागून एक सहाही काडतुसे न उडता बाहेर फेकतो, चापाला बोट लावत नाही, आणि शपथेवर सांगतो की सहा बार काढले. सोबतच्याने ती काडतुसे पाल्यातून वेचून, पुसून त्याच्या हातात दिली तरी पटत नाही. या तापावर कुठल्याही कंपनीची रायफल उपयोगी नाही, आणि जाहिरातींत हा मुद्दा येत नाही.

शेवटी पाऊस. नोव्हेंबरच्या अखेरीस त्या भागात पाऊस, गारठा आणि ओला बर्फ एकाच दिवशी भेटतात. लाकडी दस्ता ओलाव्याने फुगतो आणि नेम सरकतो. थंडगार रायफल गरम खोलीत आणली की तिला दव सुटते आणि गंजाची तयारी होते. म्हणून ती रात्री ओसरीवरच, रिकामी करून ठेवतात, आणि जाणते लोक पावसासाठी दुसरी, न गंजणाऱ्या पोलादाची घेऊन ठेवतात. पहिली जपायची असल्यामुळे, पावसाची शक्यता दहा टक्के असली तरी दुसरीच बाहेर निघते. पुष्कळ घरांतली चौसष्टपूर्व विंचेस्टर अशी हंगामभर कपाटात, कोरडी, तेलाचा हात फिरवलेली असते; आणि रानात जाते ती प्लॅस्टिकच्या दस्त्याची, सवलतीत मिळालेली थ्री-ओ-एट.